माध्यमिक शाळांची तुलना : निकाल आणि त्यापलीकडे

प्राथमिक शाळेचा दाखला हाती पडला, म्हणजे कामथडीसारख्या गावातील पालक शिक्षकांस हटकून एक प्रश्न विचारतात : “गुरुजी, पोरीला आता कोणत्या हायस्कुलात घालावं?” या प्रश्नाचे उत्तर बहुधा दहावीच्या निकालाचा आकडा सांगून दिले जाते. ते उत्तर पुरेसे आहे काय, याचा येथे विचार केला आहे.

कामथडी हे गाव पुणे-सातारा महामार्गालगत असल्याने तेथील पालकांस निवडीस थोडा वाव आहे. जवळच नसरापूर आहे. कापूरहोळच्या फाट्यावरून भोरला जाता येते. तोरण्याच्या पायथ्याकडील वाड्यावस्त्यांवर मात्र निवडीपेक्षा शाळेत पोहोचण्याचाच प्रश्न मोठा असतो. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यापासून ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आहेत. माध्यमिक शाळा बहुतांशी खाजगी अनुदानित संस्था चालवितात. म्हणून या दोहोंच्या सीमेवर उभ्या असलेल्या प्राथमिक शिक्षकाच्या निःपक्षपाती सल्ल्यास विशेष मोल आहे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, दोन शाळांत आठवीच्या वर्गात प्रत्येकी ६० विद्यार्थी होते. पहिल्या शाळेतून त्यांपैकी ४० विद्यार्थी दहावीच्या परीक्षेस बसले व ३८ उत्तीर्ण झाले. निकाल शेकडा ९५. दुसऱ्या शाळेतून ५७ बसले व ५० उत्तीर्ण झाले. निकाल शेकडा ८८. फलकावर पहिली शाळा श्रेष्ठ दिसते. परंतु पहिल्या शाळेतील उरलेले २० विद्यार्थी कोठे गेले? जनरल रजिस्टर पाहता असे आढळले की, चौघे दाखला घेऊन अन्य शाळेत गेले, तर सोळा जणांचे शिक्षण मध्येच थांबले अथवा मागे पडले. दुसऱ्या शाळेत एकाने दाखला नेला व दोघे गळले. दाखला नेलेले वगळून हिशेब केला, तर पहिल्या शाळेने ५६ पैकी ३८, म्हणजे शेकडा ६८, आणि दुसरीने ५९ पैकी ५०, म्हणजे शेकडा ८५ विद्यार्थी पार नेले. निकाल तोच, पण भाजक बदलताच क्रम उलटला. कच्च्या विद्यार्थ्यास नियमित न बसविता सतरा नंबरचा अर्ज भरावयास लावल्यानेही शाळेचा निकाल वर चढतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी सावधगिरी लहान शाळांविषयी. परीक्षेस बारा विद्यार्थी बसले असता एक अनुत्तीर्ण झाला, तर निकाल आठ टक्क्यांहून अधिक घसरतो. अशा शाळेची परीक्षा एका वर्षावरून करू नये. निदान तीन वर्षांतील विद्यार्थी एकत्र मोजावेत. तसेच शाळेत येणारी मुले कोणत्या तयारीची होती, हेही पाहावे. घरातील पहिलेच शिकणारे मूल उत्तीर्ण करणाऱ्या डोंगराळ भागातील शाळेचे काम गुणपत्रिकेत पुरते दिसत नाही.

तिसरी बाब अंतराची. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, अशी अपेक्षा धरली आहे. नववी-दहावीसाठी त्या कायद्यात असे बंधन नाही. म्हणजे कायद्याचा आधार जेथे संपतो, तेथेच वाट लांब होते आणि मुलीचे शिक्षण थांबण्याचा धोका वाढतो. मुलींना एस. टी. च्या विनामूल्य पासाची सवलत आहे. परंतु शाळा सुटल्यावर गाडी तासाभराने येत असेल, तर पास असूनही आईबापांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून अंतर किलोमीटरांत न मोजता, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतच्या वेळात मोजावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले, त्यामागे हीच जाण होती. गरिबाचे मूल शाळेत नुसते दाखल होऊन भागत नाही. ते तेथे टिकले पाहिजे.

याखेरीज गणित, विज्ञान व इंग्रजीस त्या त्या विषयाचे शिक्षक आहेत काय, प्रयोगशाळा कुलपात आहे की वापरात, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असते काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

सारांश, जी शाळा आलेल्या मुलांपैकी अधिकांस अखेरपर्यंत सांभाळते, ती चांगली. पालकास सल्ला देताना शिक्षकाने ‘किती पास झाले?’ या प्रश्नाआधी ‘किती आले होते?’ हा प्रश्न विचारावा.

स्वाध्याय
१. आपल्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची यादी करून प्रत्येक जण आज कोठे शिकत आहे, याची नोंद करावी.
२. त्यांपैकी ज्यांचे शिक्षण थांबले, त्यांची कारणे मुली व मुलगे अशी वेगवेगळी लिहावीत.
३. जवळच्या दोन माध्यमिक शाळांस जाण्यायेण्यास लागणारा वेळ एस. टी. च्या वेळांसह काढून पालकसभेत मांडावा.