तंजावर की कुंभकोणम्? मुलांसह सहलीच्या नियोजनाचा एक अभ्यास

दोन-तीन वर्षांतून एकदा सहकुटुंब दूरच्या प्रवासाला जाण्याची प्रथा मध्यमवर्गीय मराठी घरांत आता चांगलीच रुळली आहे. सिंगापूर की बँकॉक, असा प्रश्न काही घरांत निघतो. पुष्कळ घरांत मात्र प्रवास देशातच करावयाचा असतो आणि बँक कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांत तो रजा प्रवास सवलतीच्या चौकटीत बसवावा लागतो. प्रश्नाचे स्वरूप दोन्हीकडे एकच असते. शहरे दोन, सुट्टी एक, आणि बरोबर मुले. अशा वेळी घरातील मंडळी प्रेक्षणीय स्थळांची यादी काढतात आणि ज्या शहराची यादी लांब, त्याची निवड होते. ही पद्धत सोयीची असली तरी योग्य आहे काय, याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

उदाहरणासाठी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर व कुंभकोणम् ही दोन शहरे घेऊ. दोहोंतील अंतर अवघे ४० किलोमीटरच्या आसपास असून चेन्नईहून निघणाऱ्या जुन्या मुख्य लोहमार्गावर आधी कुंभकोणम् व नंतर तंजावर लागते. मुक्काम कोठे करावा, हाच येथे खरा निर्णय आहे.

तंजावरची बाजू

तंजावर हे मराठी माणसाला परके वाटत नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. या घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय संस्कृत, तमिळ, मराठी हस्तलिखितांसाठी आणि मोडी कागदपत्रांसाठी विख्यात आहे. राजराज चोळाने बांधविलेले बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे विमान, म्हणजे गर्भगृहावरील शिखर, दोनशे फुटांहून उंच आहे. याच मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविण्यात आला. तमिळ मुलखात, हजार वर्षांच्या मंदिरात, देवनागरी अक्षरे लावून वाचण्याचा आनंद वाचता येणाऱ्या मराठी मुलाला दुसरीकडे क्वचितच मिळेल.

प्रवासाच्या दृष्टीनेही तंजावर सोयीचे आहे. तिरुचिरापल्लीचा विमानतळ येथून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. कुंभकोणम् त्यापुढे आणखी ४० किलोमीटर.

कुंभकोणम्‌ची बाजू

कुंभकोणम्‌मध्ये बृहदीश्वराएवढे भव्य असे एकच एक स्थळ नाही. मात्र त्याच्या भोवती सात-आठ किलोमीटरच्या आत फार निरनिराळ्या गोष्टी एकवटल्या आहेत. चार किलोमीटरवरील दारासुरम् येथे दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधविलेले ऐरावतेश्वर मंदिर आहे. तंजावरच्या मंदिराचा जागतिक वारसा यादीत १९८७ मध्ये समावेश झाला; दारासुरम् व गंगैकोंडचोळपुरम् येथील मंदिरे त्यात २००४ मध्ये जोडली गेली. स्वामीमलै येथे मेणाची मूर्ती घडवून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातूचा रस ओतला जातो. मूर्ती बाहेर काढताना साचा फुटतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक असते. खुद्द शहरात गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपणीचे लहानसे घर जतन करून ठेवले आहे. शहरातील महामहम् तलावाचा उत्सव बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत असताना येतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाशी त्याचे हे नाते मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येईल. बँकिंगशी संबंधित वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: १९०४ मध्ये ‘कुंभकोणम् बँक’ या नावाने सुरू झालेली संस्था आज सिटी युनियन बँक म्हणून ओळखली जाते.

तिरुभुवनम्‌चा अर्धा दिवस

या परिसरातील तिरुभुवनम् हे गाव कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे आठ किलोमीटरवर आहे. जागतिक वारसा यादीत त्याचे नाव नाही, त्यामुळे घाईचा प्रवासी ते वगळतो. मुलांबरोबरच्या सहलीत मात्र ते वगळू नये, याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण कंपहरेश्वराचे मंदिर. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या (कारकीर्द ११७८ ते १२१८) काळातील हे मंदिर थोर चोळ मंदिरांच्या मालिकेतील अखेरचे मानले जाते. दक्षिणेतील पुष्कळ मंदिरांत प्रवेशद्वारावरील गोपुर सर्वांत उंच असते; येथे तंजावरप्रमाणेच गर्भगृहावरील विमान उंच आहे. हा फरक एकदा दाखवून दिला की मुले पुढच्या प्रत्येक मंदिरात तो आपण होऊन शोधू लागतात. ‘कंपहर’ म्हणजे कंप दूर करणारा. नरसिंहाचा क्रोध शांत करण्यासाठी शिवाने शरभाचे, म्हणजे सिंह, पक्षी व मनुष्य यांचा मिलाफ असलेले रूप घेतले, अशी शैव कथा आहे आणि या शरभेश्वराचे स्थान या मंदिरात आहे. प्रल्हादाची गोष्ट ऐकलेल्या मुलाला तिचा हा पुढचा भाग नवा असतो. रविवारी सायंकाळी राहुकाळात येथे पूजेसाठी गर्दी होते. लहान मुले बरोबर असल्यास ती वेळ टाळावी.

दुसरे कारण येथील रेशमाचे माग. तिरुभुवनम्‌च्या रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथे हातमाग विणकरांची मोठी सहकारी संस्था आहे. विणकरांपैकी अनेक कुटुंबे सौराष्ट्री समाजाची असून घरात त्यांची स्वतःची भाषा बोलतात. तिच्यातील ‘तीन’, ‘चार’ असे आकडे ऐकताना मराठी मूल चकित होते. ताणा, बाणा, धोटा, जर, काठ, पदर हे येवल्याच्या पैठणीमुळे ओळखीचे झालेले शब्द येथे हालताना दिसतात. एक वीत कापड वाढण्यास किती वेळ लागतो, हे मुलाने घड्याळ लावून पाहिले, तर साडीच्या किमतीविषयी निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. मात्र विणकराचे घर हे त्याचे कामाचे ठिकाण आहे, याचे भान राखावे. परवानगी घेऊनच आत जावे, ताण्याला हात लावू नये आणि छायाचित्रासाठी काम थांबवावयास सांगू नये.

सहा सत्रांचा हिशोब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अर्थशास्त्रात संधिमूल्याची कल्पना आहे: एक पर्याय स्वीकारताना जो दुसरा पर्याय सोडावा लागतो, ती त्या निवडीची खरी किंमत. सहलीत पैशांपेक्षाही अपुरी पडणारी गोष्ट म्हणजे मुलांचा उत्साह. या भागातील बहुतेक मंदिरे दुपारी बारा-साडेबारा ते चार या वेळेत बंद असतात. शिवाय अनवाणी पायांना तापलेल्या फरश्या सोसवत नाहीत. म्हणजे दिवसाची उपयुक्त सत्रे दोनच, सकाळचे व सायंकाळचे. चार दिवसांची आठ सत्रे होतात. पोहोचण्याचे एक व निघण्याचे एक वजा केले की हातात सहा उरतात.

कुंभकोणम्‌ला मुक्काम केल्यास तिरुभुवनम्, दारासुरम्, स्वामीमलै आणि खुद्द शहर यांना प्रत्येकी एक सत्र व तंजावरच्या दिवसभराच्या फेरीला दोन, अशी सहा सत्रे होतात. तंजावरला मुक्काम केल्यास मोठे मंदिर, राजवाडा व ग्रंथालयाचे संग्रहालय आणि शांतपणे पुन्हा एकदा मंदिर अशी तीन सत्रे तेथे जातात. एक विश्रांतीसाठी ठेवले, तर कुंभकोणम्‌च्या बाजूला एकच दिवस मिळतो आणि दारासुरम्, तिरुभुवनम् व स्वामीमलै ही तीनही ठिकाणे दोन सत्रांत कोंबावी लागतात.

किलोमीटरची बेरीज केली, तर आश्चर्य वाटेल. पहिल्या योजनेत जवळच्या तीन फेऱ्यांचे सुमारे ४० व तंजावरचे ८० मिळून १२० किलोमीटर होतात; दुसऱ्या योजनेत तो आकडा शंभराच्या थोडा पुढे जातो. एकूण प्रवासात फारसा फरक नाही. फरक आहे तो विभागणीत. पहिल्या योजनेत एकच दिवस लांबचा असून इतर दिवशी मूल दुपारी जेवून आपल्या खोलीत झोपू शकते. दुसऱ्या योजनेत कुंभकोणम्‌कडील भर दुपार वाहनात किंवा उपाहारगृहात काढावी लागते आणि जे माग व मूर्तिशाळा मुलांना सर्वाधिक आवडण्याजोग्या, त्यांच्याच वाट्याला सर्वांत घाईचा वेळ येतो.

निवड कोणी कोणती करावी?

यावरून काही निष्कर्ष काढता येतात. मुले दहा वर्षांच्या आतील असतील, किंवा दुपारच्या विश्रांतीची गरज असलेले आजी-आजोबा बरोबर असतील, तर मुक्काम कुंभकोणम्‌ला करावा आणि पहिली फेरी तिरुभुवनम्‌ची ठेवावी. मुले त्याहून मोठी असून शाळेत मराठ्यांचा इतिहास शिकलेली असतील, तर तंजावरचा मुक्काम अधिक फलदायी होईल. शिलालेख व मोडी कागदांचे मोल त्यांना कळू शकेल आणि एक लांबचा दिवसही ती सोसतील. रजा तीनच दिवसांची असेल, तर दोन्ही शहरे गाठण्याचा मोह सोडून एकच निवडावे.

काळाची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. महाराष्ट्रातील शाळांच्या दोन मोठ्या सुट्ट्या येथे प्रतिकूल पडतात. दिवाळीच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस असतो, तर मे महिन्यात उन्हाळा असह्य होतो. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यासाठी शाळेचे तीन-चार दिवस बुडवावे लागले, तर तोही खर्चच समजून आधी विचारात घ्यावा. पुढील महामहम् २०२८ मध्ये आहे. १९९२ च्या महामहम् उत्सवातील चेंगराचेंगरीत अनेकांचे प्राण गेले होते, हे ध्यानात घेऊन लहान मुलांसह त्या दिवसांत जाणे टाळावे.

अंदाजपत्रकाची दोन पथ्ये

पहिले पथ्य: सहलीचा खर्च व साडीची खरेदी ही दोन स्वतंत्र खाती ठेवावीत. तिरुभुवनम्‌ला पोहोचल्यावर साडी घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती रक्कम आयत्या वेळी प्रवासखर्चातून काढली, तर उरलेले दिवस काटकसरीत जातात आणि त्याची झळ मुलांना बसते. खरेदी शक्यतो सहकारी संस्थेच्या विक्री केंद्रातून, पावती घेऊन करावी. दुसरे पथ्य: दरमहा ३,००० रुपयांची आवर्ती ठेव वर्षभर ठेवली, तर मुद्दलच ३६,००० रुपये होते आणि परतल्यावर कर्जाचा हप्ता मागे लागत नाही.

यादी लांब असलेले शहर निवडण्यापूर्वी कुटुंबाने एकदा सहा सत्रांचा कागद मांडून बसावे आणि त्यातील एक सत्र मुलांना स्वतःच्या मनाने भरू द्यावे. ते सत्र बहुधा मागासमोर, मूर्तिशाळेत किंवा तलावाच्या पायऱ्यांवर जाईल. ते जेथून सहज साधेल, ते शहर त्या कुटुंबासाठी योग्य. हाच हिशोब सिंगापूर व बँकॉकलाही लागू पडतो.