वैमानिकाची वही

पैनगंगा नदी आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. मेहकरावरून ती खाली जाते. वाशीम आणि हिंगोली जिल्ह्यांना भेटते. पुढे तिच्या एका तीरावर यवतमाळ जिल्हा येतो आणि दुसऱ्या तीरावर नांदेड जिल्हा. नांदेडच्या बाजूला हदगाव तालुका आहे. त्या तालुक्यात हस्तरा नावाचे गाव आहे.

आजचा धडा या हस्तरा गावच्या एका माणसाचा आहे.

मेहकर तालुक्यातल्या एका गावात रात्रीचा वर्ग भरला होता. गुरुजींनी फळ्यावर नाव लिहिले. सर्वांनी एकेक अक्षर जुळवून ते वाचले.

वि-वे-क रा-म चौ-ध-री.

"हे कोण, गुरुजी?" आबांनी विचारले.

"हे आपल्या देशाच्या हवाई दलाचे प्रमुख होते. एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी. त्यांचे मूळ गाव हस्तरा. आपल्या पैनगंगेच्या खालच्या अंगाचे."

मागे बसलेल्या काकू म्हणाल्या, "गुरुजी, इमानवाल्याची गोष्ट आमाले काहून सांगता? माहा जन्म निंदण-खुरपणात गेला. आता पाटी घेऊन मले काय इमान उडवाचं हाय?"

सगळे हसले. गुरुजीही हसले. म्हणाले, "काकू, आधी गोष्ट तर ऐका. मग बोला."

गुरुजी सांगू लागले.

पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. सैन्यदलांचे भावी अधिकारी तेथे शिकतात. चौधरी तेथे शिकले. २९ डिसेंबर १९८२ रोजी ते हवाई दलात लढाऊ वैमानिक म्हणून रुजू झाले. वैमानिक म्हणजे विमान चालवणारा.

हवाई दलाच्या नोकरीत एका जागी घर होत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदलीचा कागद येतो. पेट्या भरायच्या. भांडीकुंडी बांधायची. मुलांची शाळा बदलायची. नवा तळ, नवे शेजारी, नवी भाषा. कधी वाळवंटाजवळ, कधी बर्फाच्या डोंगरात. घरातल्या माणसांनाही ही नोकरी करावी लागते. फक्त त्यांना हुद्दा नसतो.

चौधरी यांनी अनेक जातींची विमाने चालवली. आधी मिग-२१. त्याला एक इंजिन असते. हे विमान १९६३ साली आपल्याकडे आले आणि २०२५ साली निवृत्त झाले. मग मिग-२३. त्याचे पंख उडता उडता मागेपुढे करता येत. मग मिग-२९. त्याला दोन इंजिने. ते ताशी २,००० किलोमीटरांहून अधिक वेगाने जाऊ शकते. मग सुखोई-३०. त्यात दोघे जण बसतात. यांतली मिग-२१ आणि सुखोई-३० ही विमाने आपल्या नाशिकजवळ, ओझरच्या कारखान्यातही तयार झाली.

"एक गाडी आली की दुसरी येतेच की," आबा म्हणाले.

"तसे नाही, आबा. बैलगाडी हाकणाऱ्याला ट्रॅक्टर आपोआप येतो का? विमान बदलले की वैमानिक पुन्हा विद्यार्थी होतो. पुन्हा पुस्तक घेतो. पुन्हा परीक्षा देतो. त्याचे केस पांढरे झाले तरी त्याला कोणी सूट देत नाही."

हे ऐकून काकू जरा पुढे सरकल्या.

१९८४ साली काश्मीरच्या उत्तरेला सियाचीनच्या बर्फात आपले सैन्य गेले. त्या मोहिमेला 'मेघदूत' हे नाव होते. १९९९ साली कारगिलच्या डोंगरात लढाई झाली. तेव्हा हवाई दलाच्या मोहिमेचे नाव 'सफेद सागर' होते. या दोन्ही मोहिमांत चौधरी यांनी उड्डाणे केली. तिकडे डोंगर फार उंच आहेत. उंचावर हवा विरळ असते. इंजिनाची ताकद कमी पडते. चुकीला जागा नसते.

त्यांनी नुसते विमान चालवले नाही, तर दुसऱ्यांनाही शिकवले. हैदराबादजवळ दुंडिगल येथे हवाई दलाची प्रबोधिनी आहे. तेथे ते उपप्रमुख होते. पुढे शिलाँगच्या पूर्व विभागात ते मोठ्या हुद्द्यावर होते. १ ऑगस्ट २०२० पासून दिल्लीच्या पश्चिम विभागाचे ते प्रमुख झाले. त्याच सुमारास फ्रान्सहून नवी राफेल विमाने अंबाल्याला आली. अंबाला त्यांच्याच विभागात येते. १ जुलै २०२१ रोजी ते हवाई दलाचे उपप्रमुख झाले. ३० सप्टेंबर २०२१ रोजी सर्व हवाई दलाचे प्रमुख झाले. ते सत्ताविसावे प्रमुख.

हवाई दल नुसते लढत नाही. २०२२ साली युक्रेन देशात युद्ध पेटले. आपली पुष्कळ मुले तिकडे शिकत होती. ती शेजारच्या देशांत कशीबशी पोहोचली. तेथून त्यांना आणायला हवाई दलाची मोठी विमानेही गेली. तेव्हा चौधरी हेच प्रमुख होते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी ते निवृत्त झाले. एक्केचाळीस वर्षांहून अधिक नोकरी झाली.

आबांनी सुस्कारा सोडला. "एक्केचाळीस वर्षं! निम्मा जन्म आभाळातच गेला म्हना!"

"आबा, आपण हिशेब करू," गुरुजी म्हणाले. त्यांनी खडू घेतला.

"चौधरी यांचे उड्डाण ३,८०० तासांहून अधिक झाले. एका दिवस-रात्रीचे तास किती?"

"चोवीस," सगळे म्हणाले.

"३,८०० ला २४ ने भागा."

फळ्यावर उत्तर आले. १५८.

"म्हणजे १५८ दिवस. सव्वापाच महिने. एक्केचाळीस वर्षांत आकाशातला वेळ एवढाच."

वर्गात कोणी बोलेना. मग आबा म्हणाले, "मंग बाकीची वर्षं कुठं गेली?"

"जमिनीवर गेली. शिकण्यात, शिकवण्यात, तयारीत, कचेरीच्या कामात. आबा, कपाशी घरात यायला वेचणीचे दिवस किती लागतात? आणि त्याआधी नांगरणी, वखरणी, पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी? वेचणी डोळ्यांना दिसते. आधीची मेहनत मातीत असते. वैमानिकाचेही तसेच आहे."

काकूंनी विचारले, "पन गुरुजी, ३,८०० तास झाले हे कोनी मोजलं? ते बी एक्केचाळीस वर्षांचं?"

गुरुजींचा चेहरा खुलला. "काकू, हाच खरा प्रश्न! प्रत्येक वैमानिकाजवळ एक वही असते. विमान खाली उतरले की तो त्यात लिहितो. तारीख कोणती. विमान कोणते. काम काय होते. किती वेळ उडालो. आज पाऊण तास, उद्या एक तास. अशा बारीक बारीक ओळी. सगळ्या ओळींची बेरीज म्हणजे त्याची नोकरी. दहा तळ बदलले तरी वही बरोबर असते. माणूस विसरतो. वही विसरत नाही."

"आणि आणखी एक गोष्ट ऐका. उडण्याआधी मिस्त्री विमान तपासतो. काय तपासले, काय दुरुस्त केले, ते लिहितो. खाली सही करतो. वैमानिक ते सगळे वाचतो आणि मगच आपली सही करतो. घाई असली तरी न वाचता सही नाही. कारण त्या कागदावर त्याचा जीव असतो."

आबांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले. "मी कितीक कागदांवर अंगठा ठेवला," ते हळूच म्हणाले. "त्यात काय लिवलं होतं, ते मले आजबी माहीत नाही."

मग काकू बोलल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.

"मागच्या हंगामात मी कापूस वेचला. शेवटी हिशेब जुळला नाही. मी म्हने चाळीस किलोचे पैसे राह्यले. मालक म्हने, सारे देले. ते बी खोटं बोलनारे नाहीत अन् मी बी नाही. पन लिहिलेलं कुठंच नव्हतं. मंग मी गप बसली. आज बी ते मनात सलते."

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी एक कोरी वही काकूंपुढे ठेवली. पट्टीने त्यात उभ्या रेघा ओढल्या. वर चार शब्द लिहिले. तारीख. शेत. किलो. पैसे.

त्या साली दिवाळीनंतर वेचणी जोरात सुरू झाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी काट्यावर वजन झाले. काकूंनी पदराआडून वही काढली आणि सावकाश लिहिले. बेचाळीस. चारचा आकडा जरा वाकडा आला. मालकाने वही हातात घेऊन पाहिली. म्हणाला, "बरं झालं, काकू. आता माझ्याही डोक्याचा ताप गेला."

वेचणीला आलेल्या आणखी दोघी बाया पुढे आल्या. "काकू, आमचंबी लिहून द्या ना."

काकू म्हणाल्या, "लिहून देतो. पन उद्यापासून वर्गाले या. आपली वही आपनच लिहावी."

शब्द वाचा आणि लिहा
वैमानिक – विमान चालवणारा
तळ – सैन्याची किंवा विमानांची राहण्याची जागा
बदली – नोकरीची जागा बदलणे
हुद्दा – नोकरीतील पद
निवृत्त – नोकरी पुरी झालेला

सांगा पाहू
१. विमान बदलले की वैमानिकाला पुन्हा का शिकावे लागते?
२. वैमानिक आपल्या वहीत काय काय लिहितो?
३. काकूंचा हिशेब आधी का जुळला नाही?

करून पाहा
एका वहीत चार उभ्या रेघा ओढा. तारीख, काम, किती, पैसे असे वर लिहा. आजच्या कामाची एक ओळ आजच लिहा.