पीट बेस्टचं पान आधी उघडा

पालकहो, आपल्या भिलाईच्या खुर्सीपारमध्ये पोरं वाढदिवसाला पुस्तक मागतात, तेही बीटीएस नाहीतर बीटल्स या बँडचं. आपण मुखपृष्ठ बघतो, किंमत बघतो आणि घेऊन टाकतो. वाचतोय ना, मग झालं! माझं ऐकाल तर तेवढ्यावर थांबू नका.

बीटल्सवरचं मुलांचं पुस्तक हाती आलं की मी सरळ ऑगस्ट १९६२ गाठते. पीट बेस्ट दोन वर्षं या बँडचा ड्रमर होता, हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवलेला. पहिली रेकॉर्ड यायची वेळ झाली आणि व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइननं त्याला बोलावून सांगितलं, तू नकोस. बँडमधल्या जॉन, पॉल, जॉर्ज यांच्यापैकी कोणीही तोंडावर सांगायला आलं नाही. दोनच दिवसांत त्या जागी रिंगो स्टार. पुष्कळदा लिहिलेलं असतं, 'रिंगो आला आणि चौकडी पूर्ण झाली.' वाक्य खोटं नाही, पण पीट त्यात गडप झालेला असतो. शाळेच्या टीममधून ऐनवेळी वगळलं जाणं दहा वर्षांच्या पोराला चांगलं कळतं. त्याच्यापासून हे काय लपवायचं?

मग हृषीकेश. बीटल्सची महर्षी महेश योगींच्या आश्रमातली १९६८ ची ती वारी आपल्याकडे फार गोड करून सांगतात. रिंगो जेमतेम दहा दिवसांत परतला, जेवण मानवेना म्हणून. आणि जॉन-जॉर्ज शेवटी महर्षींवर नाराज होऊन निघाले. पुस्तकात हे असेल तर लेखकावर भरवसा ठेवा. त्यांच्या रेकॉर्डींचा निर्माता जॉर्ज मार्टिन याचं नाव कितीदा येतं तेही बघा. धमनभट्टीवरची अख्खी पाळी राबते आणि पेपरात फोटो एकाचाच, हे भिलाईकरांना वेगळं सांगायला नको.

पुस्तक कुणाच्या संमतीनं निघालंय, हेही तपासा. हंटर डेव्हिसचं १९६८ चं बीटल्स-चरित्र अधिकृत होतं. मजकूर आधी मंडळींना आणि घरच्यांना दाखवावा लागला, जॉनच्या मिमीमावशीचा रुसवा काढावा लागला. बीटीएसचं २०२३ चं दहा वर्षांचं पुस्तकही त्यांचं स्वतःचंच. अशी पुस्तकं वाईट नसतात, फक्त बोलतंय कोण हे मुलाला सांगून ठेवा. व्यसनाचा उल्लेख दिसला म्हणून मात्र पुस्तक परत करू नका; खरी गोष्ट सांगायची तर तोही येणारच.

हे सगळं परक्या गावचं वाटत असेल तर आपल्या शेजारच्या गनियारीच्या तीजनबाई घ्या. महाभारताच्या कथा सांगणारी पंडवानी बायकांनी बसून गायची, असा रिवाज. या उभ्या राहून कापालिक शैलीत गायल्या, आणि समाजानं त्यांना वाळीत टाकलं. २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं. मुलांच्या पुस्तकात नुसतं पद्मविभूषण असेल आणि वाळीत टाकणं नसेल, तर भिलाईत कुणालाही ते लगेच खटकेल. लिव्हरपूलच्या पोरांबद्दल वाचताना आपल्याला तसं खटकत नाही, कारण गाळलेलं काय ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी थोडं आपण वाचायचं.

दुकानात उभ्या उभ्या दोन-तीन पानं चाळायला पाच मिनिटं पुरतात. पीट बेस्टचं नाव कुठंच सापडलं नाही, तर ते पुस्तक खुशाल जागेवर ठेवा आणि दुसरं मागा.