परीक्षा पास झालो, पण विषय कळला का?

मंडळी, अमेरिकन माणसाला स्वतःच्या देशाची किती माहिती असते, हा आपल्या पार्ट्यांमधला आवडता विषय. कुणी ऑफिसातल्या सहकाऱ्याचा किस्सा सांगतो, कुणी शेजाऱ्याचा, आणि सगळे हसून घेतात. आकडेही हसणाऱ्यांच्याच बाजूचे आहेत. इंटरकॉलेजिएट स्टडीज इन्स्टिट्यूट या संस्थेने २००८ साली २,५०८ प्रौढांना अमेरिकेचा इतिहास, राज्यव्यवस्था आणि अर्थशास्त्र यांवर ३३ प्रश्न विचारले. सरासरी गुण पडले ४९ टक्के आणि शंभरातले ७१ जण नापास झाले. जे कधी ना कधी एखाद्या पदावर निवडून आले होते, त्यांची सरासरी तर ४४ टक्केच! पुढे २०१८ साली वुड्रो विल्सन फाउंडेशनने नागरिकत्वाच्या परीक्षेतले प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा ३६ टक्के लोकच पास झाले. ६५ वर्षांवरच्यांत हे प्रमाण ७४ टक्के होते आणि ४५ वर्षांखालच्यांत फक्त १९.

उलट, नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्यांपैकी दहातले नऊजण तरी ही परीक्षा पास होतात. मंडळातल्या ज्येष्ठांची मी या परीक्षेसाठी तयारी करून घेतो, त्यामुळे आपली मंडळी किती कसून अभ्यास करतात हे मी जवळून पाहिले आहे. पूर्वी १०० प्रश्नांची यादी असे आणि १० पैकी ६ उत्तरे बरोबर यावी लागत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली असून २० पैकी १२ उत्तरे बरोबर यावी लागतात. प्रश्न कितीही असोत, यादी आधीच छापलेली मिळते. प्रश्नपत्रिका हातात असताना शाळेपासून पाठांतराची सवय असलेला आपला माणूस नापास कशाला होईल?

मला खटकते ते इथेच. राज्यघटनेत दुरुस्त्या किती, हे आपण झोपेतही सांगू. पण त्यातल्या १९१३ च्या सोळाव्या दुरुस्तीमुळे दर एप्रिलमध्ये आपल्या खिशाला हात लागतो, हे कितीजणांच्या लक्षात येते? देश चालतो कसा आणि पैसा फिरतो कसा, हे ज्याला कळते त्याचे पैसे वाचतात. ज्याला कळत नाही त्याचे जातात. तिथे जन्म कुठे झाला याने फरक पडत नाही. म्हणून आज दुसऱ्यांना हसण्याऐवजी आपणच एक छोटी चाचणी देऊ. आठ प्रश्न आहेत. पेन्सिल घ्या, उत्तरे लिहा आणि मगच पुढे वाचा.

१. बचत खात्यात १०० डॉलर ठेवले, व्याज दरसाल २ टक्के. पैसे न काढता ५ वर्षांनी १०२ डॉलरपेक्षा जास्त होतील, बरोबर १०२ होतील, की कमी?
२. खात्यावर व्याज १ टक्का आणि महागाई २ टक्के. वर्षाने त्या पैशात आजच्यापेक्षा जास्त वस्तू येतील, तेवढ्याच, की कमी?
३. एकाच कंपनीचे शेअर घेणे हे म्युच्युअल फंडापेक्षा सहसा जास्त सुरक्षित असते. खरे की खोटे?
४. पगार वाढून तुम्ही वरच्या टॅक्स ब्रॅकेटमध्ये गेलात, तर वाढीव दर सगळ्या उत्पन्नावर लागतो. खरे की खोटे?
५. सोशल सिक्युरिटीसाठी कापलेले पैसे तुमच्या नावाच्या खात्यात साठत राहतात. खरे की खोटे?
६. मेडिकेअर फक्त अमेरिकन नागरिकांनाच मिळते. खरे की खोटे?
७. घरावरचा प्रॉपर्टी टॅक्स कोण ठरवते: वॉशिंग्टनचे सरकार की स्थानिक संस्था?
८. भारतीयांना अमेरिकन नागरिकत्व घेण्याचा मार्ग कायद्याने कोणत्या साली खुला झाला?

आता उत्तरे पाहू.

पहिले तीन प्रश्न अर्थतज्ज्ञ ॲनामारिया लुसार्दी आणि ऑलिव्हिया मिचेल यांनी तयार केले आहेत. २००४ साली ते पन्नाशीपुढच्या अमेरिकनांना विचारले गेले. पहिल्याचे बरोबर उत्तर ६७ टक्के लोकांनी दिले, दुसऱ्याचे ७५ टक्क्यांनी आणि तिसऱ्याचे ५२ टक्क्यांनी. तिन्ही उत्तरे बरोबर देणारे होते जेमतेम एक तृतीयांश! निवृत्तीच्या तोंडावर आलेल्या लोकांची ही अवस्था होती.

पहिल्याचे उत्तर ‘जास्त’. चक्रवाढीने ५ वर्षांत सुमारे ११० डॉलर ४१ सेंट होतात. हेच गणित क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर आपल्याविरुद्ध चालते, आणि तिथे दर २ टक्के नसून बहुधा २० च्या आसपास असतो.

दुसऱ्याचे उत्तर ‘कमी’. ७२ ला महागाईच्या दराने भागा, म्हणजे पैशाची किंमत किती वर्षांत निम्मी होईल ते अंदाजे कळते. ३ टक्के महागाई असेल तर २४ वर्षे. २०२२ च्या जूनमध्ये इथली महागाई वर्षाला ९.१ टक्क्यांवर गेली होती. त्याच वर्षी मार्चपासून फेडरल रिझर्व्हने जवळजवळ शून्यावर असलेला आपला व्याजदर चढवत नेला आणि जुलै २०२३ पर्यंत तो सव्वापाच ते साडेपाच टक्के झाला. घराचे कर्ज महागले ते यामुळे. हा निर्णय ना अध्यक्ष घेतात ना काँग्रेस. तो फेडरल रिझर्व्हची समिती घेते, हेही लक्षात असू द्या.

आपल्यासाठी याच धड्याचा आणखी एक भाग आहे. भारतातल्या एफडीवर ७ टक्के व्याज मिळते म्हणून पुष्कळजण खूश असतात. १९९० साली डॉलरला साधारण १७ रुपये पडत, २०२४ साली ८३ च्या वर. म्हणजे या काळात रुपयाच्या हिशेबात डॉलर वर्षाला सरासरी पावणेपाच टक्क्यांनी महाग होत गेला. ज्याला म्हातारपणी पुण्यात राहायचे आहे त्याने रुपयात बचत करणे समजू शकते. पण खर्च न्यू जर्सीत व्हायचा असेल तर ७ मधून हे पावणेपाच वजा करून मग खूश व्हायचे की नाही ते ठरवावे.

तिसरे विधान खोटे. एक कंपनी बुडू शकते. शेकडो कंपन्या एकाच वेळी बुडणे फार अवघड. आपल्यातल्या कित्येकांची नोकरी, ४०१-के आणि शेअर्स हे तिन्ही एकाच कंपनीत अडकलेले असतात. कंपनीला सर्दी झाली की घराला ताप येतो.

चौथेही खोटे. वाढीव दर फक्त वरच्या भागावर लागतो. २०२५ साली एकत्र रिटर्न भरणाऱ्या नवराबायकोच्या करपात्र उत्पन्नात ९६,९५० डॉलरपर्यंत १२ टक्क्यांचा टप्पा होता आणि त्यापुढे २२ टक्क्यांचा. समजा उत्पन्न त्या रेषेवरून १,००० डॉलरने पुढे गेले, तर त्या हजारावर २२० डॉलर फेडरल इन्कम टॅक्स लागतो. खालच्या उत्पन्नाला हात लागत नाही. ‘ब्रॅकेट बदलेल’ या भीतीने ओव्हरटाइम किंवा बढती नाकारणारे लोक मला भेटले आहेत, आणि ते चांगले शिकलेले होते! मात्र काही सवलती उत्पन्न वाढले की कमी होतात, तेवढे आपल्या अकाउंटंटला विचारून घ्यावे.

पाचवेही खोटे. सोशल सिक्युरिटी कायद्यावर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सही केली. आज काम करणाऱ्यांच्या पैशातून आजच्या निवृत्तांना पेन्शन, अशी ही मुळातली योजना आहे. दरमहा पेन्शनचा पहिला चेक आयडा मे फुलर या बाईंना जानेवारी १९४० मध्ये मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांनी भरले होते एकूण २४ डॉलर ७५ सेंट. बाई शंभर वर्षे जगल्या आणि त्यांना मिळाले २२,८८८ डॉलर ९२ सेंट.

आपल्यासाठी कळीचे आकडे दोन: ४० आणि ३५. स्वतःच्या कामावर पेन्शनचा हक्क मिळायला ४० क्रेडिट्स लागतात. वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, म्हणजे कमीत कमी दहा वर्षे काम हवे. आणि पेन्शनची रक्कम ठरते ती सर्वांत जास्त कमाईच्या ३५ वर्षांवरून. चाळिशीत इथे आलेल्याची जितकी वर्षे कमी पडतात, तितकी शून्ये हिशेबात धरली जातात. हिशेबाचे सूत्र कमी सरासरीवाल्याला झुकते माप देते, त्यामुळे २० वर्षे काम केलेल्याला ३५ वर्षेवाल्याच्या बरोबर वीस-पस्तिसांशच मिळेल असे नाही. तरीही शून्ये ती शून्येच. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे पूर्ण पेन्शनचे वय ६७ आहे. ६२ व्या वर्षी घेतल्यास रक्कम ३० टक्क्यांनी कमी होते, आणि ६७ नंतर ७० पर्यंत थांबल्यास दर वर्षामागे ८ टक्के वाढते.

सहाव्या प्रश्नावर आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज दिसतात. विधान खोटे आहे. ६५ वर्षे पूर्ण झालेले, ग्रीन कार्ड असलेले आणि सलग ५ वर्षे इथे राहिलेले आईवडील हप्ता भरून मेडिकेअर घेऊ शकतात. ज्याची स्वतःची किंवा जोडीदाराची ४० क्रेडिट्स आहेत, त्याला हॉस्पिटलचा भाग, म्हणजे पार्ट ए, हप्त्याशिवाय मिळतो. हक्क मिळाल्यावर नाव वेळेत नोंदवा. नाही तर डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, म्हणजे पार्ट बी, याचा हप्ता दर पूर्ण १२ महिन्यांच्या उशिरामागे १० टक्क्यांनी वाढतो, आणि हा दंड सहसा जन्मभर चालतो. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीतला ग्रुप विमा असेल तर थांबता येते, पण आधी नियम नीट विचारून घ्या. मुलाच्या नोकरीतल्या विम्यावर ही सूट मिळत नाही.

सातव्याचे उत्तर: स्थानिक संस्था. फेडरल सरकार प्रॉपर्टी टॅक्स घेत नाही. काउंटी, टाउन, स्कूल डिस्ट्रिक्ट यांचे ते काम. अध्यक्षाच्या निवडणुकीला आपण रात्रभर टीव्हीसमोर बसतो आणि स्कूल बोर्डाच्या निवडणुकीची तारीखही माहीत नसते. घराचे मूल्य जास्त लावले आहे असे वाटले तर अपील करता येते. मुदत मात्र थोडी असते, तेव्हा पत्र आले की तारीख आधी पाहा.

आठवे उत्तर १९४६. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला होता. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने ती वाट उघडली, पण भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना येण्याची मुभा होती. दलीपसिंग सौंद हे १९४९ साली नागरिक झाले आणि १९५६ साली काँग्रेसवर निवडून आले. आपली मंडळी मोठ्या संख्येने येऊ लागली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि हा कायदा एकाच चळवळीच्या काळातले आहेत. कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा आपल्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्यांनी या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

आठपैकी किती आली? सहा आली तर उत्तम. कमी आली तरी हरकत नाही, हे ज्ञान वाढते. ॲनेनबर्ग पब्लिक पॉलिसी सेंटरच्या पाहणीत सरकारच्या तिन्ही शाखा सांगू शकणारे २०१६ साली २६ टक्के होते, २०२३ साली ६६ टक्के.

या महिन्यात चार कामे करावीत असे मी सुचवतो. एक, सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर नवराबायको दोघांनीही आपले खाते उघडून क्रेडिट्स आणि दर वर्षाची कमाई बरोबर नोंदली आहे का ते तपासावे. दोन, टॅक्स रिटर्न सही करून फाइल करण्याआधी एकदा मुलांना शेजारी बसवून वाचावे. तीन, आपल्या गावच्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीची तारीख कॅलेंडरवर लिहावी. चार, घरात ज्येष्ठ असतील तर परीक्षेच्या सवलती पाहून ठेवाव्यात. वय ५० आणि ग्रीन कार्डची २० वर्षे, किंवा वय ५५ आणि १५ वर्षे असतील, तर इंग्रजीची अट माफ होते आणि प्रश्नोत्तरे दुभाष्यामार्फत मराठीतून देता येतात. ६५ वर्षे वय आणि २० वर्षांचे ग्रीन कार्ड असेल तर यादीच २० प्रश्नांची असते.

आजी-आजोबांची तयारी घेताना नातवंडांनाही शेजारी बसवा. प्रत्येक उत्तरानंतर ‘असे का?’ हा प्रश्न त्यांना विचारू द्या. परीक्षेला तो येत नाही, पण पुढे रोजच्या व्यवहारात उपयोगी पडतो तो हाच.