पत्र्याचे छप्पर आणि रबरी लेप

भालकी तालुक्यातील आपल्या खटकचिंचोळीच्या परिसरात घराचे छप्पर म्हणजे माळवद, अशीच पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. लाकडी तुळया, त्यांवर लाकडाची बिछायत आणि वर मातीचा जाड थर. मृग लागण्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकावयाची, ती दाबून बसवावयाची, पाणी जाण्याच्या वाटा मोकळ्या करावयाच्या. हे काम कोणी कोणास सांगावे लागत नसे. पुढे तुळयांची लाकडे महागली. त्यातच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला, दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे दगावली, आणि डोक्यावरच्या मातीची लोकांनी धास्ती घेतली. पत्रा हलका, झटपट बसणारा, म्हणून तो घरांवर, गोठ्यांवर, शाळांवर व सभागृहांवर आला. परंतु माळवदाबरोबर दरवर्षी छपराकडे पाहण्याची सवयही गेली, ही गोष्ट मात्र चांगली झाली नाही. पत्रा एकदा ठोकला की संपले, अशी आपली भावना झाली आहे. गळती सुरू झाली म्हणजे डांबराचा एक हात मारावयाचा, आणि दोन पावसाळ्यांनी पुन्हा वर्गणी काढावयाची, असा क्रम पुष्कळ ठिकाणी दिसतो.

पत्रा गंजतो का आणि वाचतो कसा, हे आधी समजून घेऊ. लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडण्याचे पेटंट हेन्री पामर या इंग्रज अभियंत्याने १८२९ साली घेतले, आणि लोखंड वितळलेल्या जस्तात बुडविण्याचे पेटंट सोरेल या फ्रेंच गृहस्थाने १८३७ साली. जस्त ही आपणांस परकी धातू नव्हे. बिदरची बिदरी भांडी मुख्यतः जस्ताची असतात. त्यात थोडे तांबे मिसळतात, आणि किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या योगाने त्यांना तो प्रसिद्ध काळा रंग येतो. पत्र्यावर हेच जस्त लोखंडाचे कवच होते. त्याचा गुण असा की, ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि लोखंडास वाचविते. मात्र हे कवच फार पातळ असते. चांगल्या पत्र्यावर चौरस मीटरमागे दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असते. ते एका बाजूस सुमारे १९ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौथाईइतके भरते. स्वस्त पत्र्यावर १२० ग्रॅम असते, म्हणजे त्याच्याही निम्म्याहून कमी. जस्त संपले की तांबूस डाग दिसू लागतात. लेप देण्याची खरी वेळ तीच होय; भोके पडल्यावरची नव्हे.

आता रबरच का? साधा तेलरंग का पुरत नाही? याचे उत्तर आपल्या उन्हात आहे. वैशाखातील दुपारी पत्रा साठ अंशांच्या वर तापतो आणि पहाटे वीस-पंचवीसवर उतरतो. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते. हिशोब केल्यास दहा फुटांचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने दीड मिलिमीटर लांब-आखूड होतो, आणि हे रोज घडते. रात्री पत्रा कडकड वाजतो तो यामुळेच. या ओढाताणीत स्क्रूची भोके रुंदावतात, वॉशर सैल होतात, आणि वाळून कडक झालेला रंग सांध्यांवर तडकतो. रबरी लेप ताणला जातो व पुन्हा पूर्वस्थितीस येतो, हाच त्याचा उपयोग.

बाजारात ‘रबरी’ या नावाखाली निरनिराळे पदार्थ विकले जातात. पाण्यात कालविलेला ॲक्रिलिकचा पांढरा लेप सर्वांत प्रचलित असून उतरत्या छपरास तो चांगला. पाणी साचून राहते तेथे मात्र तो मऊ पडून सुटतो. पन्हळीत किंवा अगदी सपाट शेडवर पॉलियुरेथेनचा किंवा रबर मिसळलेल्या डांबराचा लेप अधिक टिकतो. डांबराचा दोष इतकाच की, काळा रंग ऊन पितो व खालची माणसे भाजून निघतात.

लेप कितीही उत्तम असला तरी तो ज्यावर बसतो ते सुटले की लेपही सुटतो. म्हणून निम्मी मेहनत लेपाचा डबा उघडण्यापूर्वीची आहे. भर दुपारी दारे-खिडक्या लावून आत उभे राहावे. जेथून उजेड दिसेल तेथे खडूने खूण करावी. पेचकसाने दाबल्यावर जो पत्रा दबतो किंवा फुटतो, तो बदलावा; त्यावर लेप देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. सैल स्क्रू वॉशरसह बदलावेत. मग तारेच्या ब्रशाने गंज खरवडून छप्पर धुवावे, वाळवावे, आणि गंजलेल्या जागी गंजरोधक अस्तर द्यावे. पूर्वी यासाठी शेंदराचा रंग वापरीत. त्यात शिसे असते, आणि छपराचे पाणी हौदात धरणाऱ्या घरी तर तो मुळीच नको. घरगुती रंगातील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात कडक मर्यादा आहे. कोऱ्या चकचकीत पत्र्यास साधा तेलरंग देऊ नये. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन साबणासारखा थर बनतो व पापुद्रे निघतात. सांधे व स्क्रूची डोकी यांवर ओल्या लेपात जाळीदार कापडाची पट्टी बसवून वरून पुन्हा लेप द्यावा. गळती बहुधा येथेच असते.

यानंतरची गोष्ट कार्यकारी मंडळींनी विशेष ध्यानी घ्यावी, कारण सार्वजनिक पैसा येथेच वाया जातो. रबरी लेपाचे बळ त्याच्या जाडीत आहे. वाळल्यावर तो अर्धा मिलिमीटर भरला पाहिजे. एक लिटर लेप एका चौरस मीटरवर पसरला तर ओला थर एक मिलिमीटर होतो. त्यातले निम्मे पाणी उडून गेले की अर्धा मिलिमीटर उरतो. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. चाळीस फूट लांब व वीस फूट रुंद सभागृह घ्या. जमिनीवर ते आठशे फूट असले, तरी उतार व पन्हळी धरून पत्र्याचा पृष्ठभाग नऊशेच्या वर जातो. त्यास सुमारे चौऱ्याऐंशी लिटर लेप लागेल, म्हणजे वीस लिटरच्या चार बादल्या आणि वर थोडे. कंत्राटदार एकच बादली घेऊन आला व ‘दोन हात मारले’ म्हणाला, तर ते खोटे नसेलही; पण त्याचा लेप पाव जाडीचा झाला, आणि रबर म्हणून त्याचा उपयोग नाही. तो केवळ पांढरा रंग होय. म्हणून दर ‘हाता’वर ठरवू नये, जाडीवर ठरवावा, आणि रिकाम्या बादल्या मोजून मगच बिल द्यावे. डब्यावर घनांश किती लिहिला आहे तेही पाहावे. निम्म्याहून कमी असल्यास लेप त्या प्रमाणात अधिक लागेल.

पांढऱ्या लेपाचा आणखी एक लाभ आहे. नवा असता तो सूर्याची बहुतेक उष्णता परतवितो, आणि पत्र्याच्या तापमानातील चढउतार कमी झाल्याने सांध्यांवरील ताणही कमी होतो. आपल्याकडील तांबडी धूळ बसली की हा गुण उतरतो. वर्षातून एकदा पाण्याने धुतल्यास बराच परत येतो.

काही कामे मात्र लेपाकडून होणार नाहीत. गोठ्यात मुताची वाफ आणि खताच्या कोठीत खताचा ओलावा पत्र्यास खालून खातो. तेथे हवेचा झरोका व आतून रंग हवा. वळवाच्या वावटळीत सैल पत्रा लेपामुळे थांबत नाही. त्यावर दगड ठेवण्याची आपली रीत तर दुहेरी घातक आहे: दगडाखाली ओल राहून गंज चढतो, आणि पत्रा उडाला की दगड खालच्या माणसांवर येतो. पत्र्यास हुक-बोल्टच आवळावेत, तेही पन्हळीच्या उंचवट्यावर. सिमेंटच्या पत्र्यास, ज्यात ॲस्बेस्टॉस असते, ब्रश घासू नये. त्याची धूळ फुप्फुसास अपाय करते. त्यावर पायही देऊ नये. लोखंडी पत्र्यावर चढतानाही फळी टाकून, खालच्या आडव्या आधाराच्या रेषेवरूनच चालावे, आणि विजेची तार छपरास टेकलेली नाही ना हे आधी पाहावे.

कामास संक्रांतीनंतरचे दोन महिने उत्तम. चैत्र लागला की वळवाचा भरवसा नाही, आणि ओल्या लेपावर सर आली तर तो ओघळून अंगणात येतो. सकाळी दव सुकल्यावर आरंभ करावा, पत्रा फार तापण्याच्या आत हात थांबवावा, आणि दुसरा हात पहिला पुरता वाळल्यावर, आडव्यावर उभा असा द्यावा. छपराचे पाणी वापरणाऱ्यांनी लेपानंतरच्या पहिल्या पावसाचे पाणी हौदात घेऊ नये.