ओझं दोन आसांच्या मध्ये

मुदखेड, जि. नांदेड

चि. बाळा,


तू पाठवलेला कॅरियरचा फोटो पाहिला. थारच्या मागच्या दारावर मोठी स्टेपनी, तिच्या दोन्ही अंगांना पेट्रोलच्या कॅन, वर हत्यारांची पेटी, कडेला शिडी. पुण्यातला कारागीर एका दिवसात बसवून देतो म्हणतोस. दसऱ्याला मित्रांसोबत इकडे यायचं, मग भोकर, हिमायतनगर, किनवट करत माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचं, वाटेत सहस्रकुंडचा धबधबा बघायचा आणि जमेल तिथे डांबरी सोडून आत शिरायचं. ये, खुशाल ये. पण कॅरियरचे पैसे देण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. माझं आयुष्य गाड्यांच्या खाली झोपून गेलंय, आणि मागून लादलेली गाडी खालून कशी दिसते हे मी तुला सांगू शकतो.

तुझे आजोबा बैलगाडी भरताना पोती कुठे ठेवायची यावर फार बारीक लक्ष ठेवत. ओझं आसाच्या मागे गेलं की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे काचायचे. फार पुढे गेलं की धुरजड, सगळा भार मानेवर. थोडंसं धुरजड चालेल, उलाळ मुळीच नको, असं ते म्हणत. तुझ्या थारला बैल नाहीत, पण समोरची दोन चाकं आहेत. गाडी वळवायचं काम तीच करतात आणि ब्रेक दाबल्यावर जास्त जोरही तीच लावतात. त्यांच्यावरचा भार कमी करणं म्हणजे जू उचलणंच.

हिशोब सोपा आहे. 20 लिटर पेट्रोल साधारण 15 किलो भरतं, लोखंडी कॅन 4 किलोची धर. अशा दोन कॅन, त्यात अँगलचा सांगाडा, पेटी, शिडी, हायलिफ्ट जॅक. शंभर किलो कधी झाले कळणारही नाही. तुझ्या तीन दारांच्या थारच्या दोन आसांमधलं अंतर 2,450 मिलिमीटर. हे शंभर किलो मागच्या आसाच्या मीटरभर मागे टांगले, तर समोरच्या चाकांवरून 40 किलो उचलले जातात आणि मागच्यांवर 140 पडतात. म्हणजे तू शंभर टांगलेस, पण मागच्या स्प्रिंगांनी एकशेचाळीस उचलले. तेच शंभर किलो मागचं सीट दुमडून त्याच्या जागी, आसाच्या पुढे ठेवलेस, तर त्यातला काही भार समोरची चाकंही घेतात. ओझं तेवढंच, गाडी मात्र वेगळी चालते.

आणि हे झालं उभ्या गाडीचं. खड्ड्यात चाक आपटलं की टांगलेली वस्तू आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट हिसका देते. तो सगळा दाराच्या बिजागऱ्यांवर येतो, आणि त्या बिजागऱ्या कंपनीने एका स्टेपनीचा अंदाज घेऊन बनवलेल्या आहेत. आधी दार थोडं खाली बसतं, मग कडी नीट लागत नाही, मग कडकड आवाज येतो, आणि शेवटी पत्र्याला बिजागरीच्या मुळाशी केसाएवढी चीर जाते. ती चीर रंगाखाली असते, म्हणून दिसत नाही. शिवाय तुझं ते दार आडवं उघडतं. उतारावर गाडी उभी करून पाणी काढायला गेलास, तर शंभर किलोचं दार हातातून सुटेल. कुणाची बोटं तिथे असू नयेत एवढंच.

आमच्या भागात काळ्या-पिवळ्या जीपा जोरात होत्या, त्या दिवसांत हे रोज बघायला मिळायचं. आत भरल्या माणसांचं काय, ती चासीवर बसलेली. खरा त्रास मागच्या फळीवर उभ्या राहिलेल्या चारपाच जणांचा. ड्रायव्हर येऊन सांगायचा, मामा, स्टेअरिंग हलकं लागतंय, बघा जरा. स्टेअरिंगमध्ये काही नसायचं. मागचे पाटे पालथे पडलेले असायचे आणि गाडीचं तोंड आभाळाकडे. रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या थेट डोळ्यांत. त्या माणसांना दुसरी गाडी नव्हती, बाजार गाठायचा होता, म्हणून ती लटकली. तुझ्यावर तसली वेळ नाही.

तुला वाटेल, जुन्या फौजी जीपच्या मागे तर स्टेपनीही असायची आणि कॅनही. असायची. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं ते रूप पुढे जगभर सगळ्यांच्या डोळ्यांत बसलं, आणि 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत तीच जीप जोडायला घेतली, म्हणून आपल्याकडे तर ते घरचंच वाटतं. पण त्या फौजेने काय केलं ते नीट बघ. मागे एक कॅन, एकच. ती जीप पाव टनाच्या वर्गातली, आणि सामान वाढलं तर तिच्यासाठी दोन चाकांचा वेगळा ट्रेलर होता. म्हणजे ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांनीसुद्धा जादा ओझं गाडीच्या शेपटीला टांगलं नाही. त्याला स्वतःची चाकं दिली. ती 20 लिटरची कॅनही जर्मन फौजेने 1930 च्या दशकात फार विचार करून बनवलेली चीज. वर तीन मुठी, म्हणजे भरलेली कॅन दोघांना मिळून उचलता येते आणि रिकाम्या असल्या तर एकाला एका हातात दोन नेता येतात. आत थोडी मोकळी हवा राहील असा तिचा आकार, उन्हात इंधन फुगतं म्हणून. असली चांगली वस्तू तू नुसती शोभेला टांगणार, याचं मला वाईट वाटतं.

कारण तुला ती लागणारच नाही. थारची टाकी 57 लिटरची. खराब रस्ता धरून लिटरला 10 किलोमीटर मोजलेस तरी साडेपाचशे किलोमीटर होतात. मुदखेडहून माहूरला जाऊन परत येऊन वर उरेल, आणि भोकर, किनवट, माहूर सगळीकडे पंप आहेत. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी असायची. तिथे घाटात खालच्या गिअरवर गाडी जास्त पिते, तिथे एक कॅन नेण्यात अर्थ आहे. तीही गाडीच्या आत नाही, कारण पेट्रोलची वाफ बंद जागेत नको. आणि मागे नको, कारण मागून कुणी धडकला तर पहिला मार तिलाच. कारखाने सुरू झाले की आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या रात्री कशा धावतात ते तू लहानपणापासून पाहिलंयस. पेट्रोलसाठी प्लास्टिकची कॅन तर कधीच वापरू नकोस.

टपावर चढवू म्हणशील. हलकी चटई, तंबू, गाद्या चढव. लेहसारख्या वाटेवरची ती एक कॅन सोडली, तर जड काही नको. आपल्या पांदणीला एका बाजूला बैलगाड्यांची खोल चाकोरी असते. एक चाक त्यात उतरलं की गाडी कलते, आणि टपावरचं ओझं तिला अजून त्याच बाजूला ओढतं.

आता आपल्या मातीबद्दल, कारण पुण्याच्या कारागिराला ती माहीत नाही. परतीचा पाऊस झाला की काळी जमीन फुगते आणि चिखल टायरच्या नक्षीत बसून टायर गुळगुळीत होतो. चार चाकांना ताकद असली तरी चारही चाकं जागीच फिरतात. अशात समोरची चाकं हलकी असली तर तू स्टेअरिंग फिरवशील आणि गाडी सरळच घसरत जाईल. ओढ्यात उतरून पलीकडे चढतानाही तेच. कंपनी तुझ्या गाडीची शेपूट 36.8 अंशांपर्यंत मोकळी ठेवते, म्हणजे तेवढ्या चढापर्यंत मागचं टोक जमिनीला लागत नाही. मागे खाली लोंबणारा स्टँड लावलास की तो कोन आपल्या हाताने बुजवलास. स्टँड काठाला टेकला की भार चाकांवरून स्टँडवर जातो, आणि चाकं रिकामी फिरतात. पाऊस झाला असेल तर शेतात शिरूच नकोस. वापसा येऊ दे. एकदोन दिवस माझ्याकडे राहा, सोयाबीन काढणीला मदत कर.

सोबत काय घ्यायचं ते सांगतो. टोचनासाठी चांगला पट्टा आणि दोन शॅकल. छोटं फावडं. हवेचा पंप आणि प्रेशर मोजायचा गेज. पंक्चरचा सेट. कंपनीचा जॅक पुरतो, पण त्याखाली ठेवायला दीड फुटाची जाड सागवानी फळी हवीच, नाहीतर काळ्या मातीत गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. फळी मी इथे काढून ठेवली आहे. पिण्याचं पाणी पाचपाच लिटरच्या कॅनमध्ये, पुढच्या सीटच्या पाठीमागे जमिनीवर. हे सगळं एका गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटच्या जागी पट्ट्याने आवळ, आणि तासाभराने उतरून पट्टा पुन्हा ताण. पहिल्या काही किलोमीटरांत पट्टा हमखास सैल पडतो. शिडी नको. तिचा उपयोग काय ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मूळ स्टेपनी मागे आहे तिथेच राहू दे, पण प्रवासाला निघण्याआधी तिचे नट पान्याने बघ. त्याहून मोठं चाक तिथे लावू नकोस. कॅरियरमुळे मागची नंबर प्लेट, ब्रेकचा दिवा किंवा इंडिकेटर झाकला तर पोलीस अडवतील, आणि ते बरोबरच करतील. गाडीत मनाने बदल करण्यावर 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचं बंधन आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलंय. अपघात झालाच तर विमावाले आधी तो सांगाडाच दाखवतील.

एवढं वाचूनही कॅरियर हवंच वाटलं, तर एक काम कर. भुईकाट्यावर जा, पन्नास-शंभर रुपये जातील. रिकाम्या गाडीची फक्त समोरची चाकं काट्यावर घेऊन वजन कर, मग फक्त मागची. दुसऱ्या दिवशी जेवढं सामान टांगायचं म्हणतोस तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या मागच्या बंपरला नीट बांध, हळू चालवत पुन्हा काट्यावर ने आणि तसंच मोज. समोरच्या चाकांचे दोन्ही आकडे मला कळव, पैसे देण्याआधी. ताईला नमस्कार सांग, आणि निघण्याच्या आदल्या रात्री फोन कर, म्हणजे मी पांदणीत पाणी आहे की नाही बघून ठेवतो.

तुझा,
मामा