माहेर हेडला, सासर टेलला

नीरा डावा कालवा १८७६-७७च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी काढला. वीरपासून निघून पुरंदर, बारामती करत तो इंदापूर तालुक्यात येऊन संपतो. लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास. माझं माहेर बारामतीच्या बागायतीत, कालव्याच्या वरच्या अंगाला, हेडला. लग्न होऊन आले ती इंदापूर तालुक्यात, टेलच्या म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या गावात. माहेरी पाण्याच्या आवर्तनाची तारीख कुणी विचारत नसे. सासरी तारीख, चारीचा नंबर, पाटकऱ्याचा फोन, सगळं घरातल्या पोरांनाही तोंडपाठ.

पुढे राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत एक मुदत सदस्य झाले. मुदत संपली तरी ग्रामसभेला जायचं सोडलं नाही. आमच्या दोन्ही तालुक्यांत रस्ते आले, कॉलेजं आली, कारखाने आले, बारामतीला एमआयडीसी आली. यातलं बरंचसं नेत्याच्या शब्दावर आलं. तो शब्द चालतो, हे मी नाकारत नाही. पण ज्याची कुणाशी ओळख नाही त्यानं काय करायचं? त्याच्यासाठी हे लिहितेय.

१. शब्द घ्या, पण ठरावही घ्या

आमच्याकडे गाऱ्हाणं लग्नात सांगतात. नेते अक्षतांना येतात, आणि तेवढ्या वेळात चार-पाच निवेदनं पीएच्या फाइलीत जातात. आमच्या वस्तीच्या पाणंद रस्त्यालाही असाच शब्द मिळाला, "करून टाकू." पुढे कचेरीत गेल्यावर पहिला प्रश्न आला, ग्रामसभेचा ठराव कुठाय?

ठराव म्हणजे विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि प्रोसिडिंगमध्ये त्याच दिवशी उतरलेला मजकूर. पुष्कळ गावांत हजेरीच्या सह्या आधी होतात आणि मजकूर नंतर सवडीनं लिहिला जातो. म्हणून सभा उठली तरी मी बसून राहायचे. ग्रामसेवकाचं पदनाम सरकारनं २०२४ मध्ये बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण आमच्या तोंडी ते भाऊसाहेबच. ते म्हणायचे, "काकी, घरी स्वयंपाक नाही का?" मी म्हणायचे, "सून करतीय. तुम्ही लिहा." लिहून झालं की वाचायचं आणि नक्कल मागायची. पाणंद रस्ता झाला तो त्या नकलेच्या जोरावर. उद्घाटनाला मात्र नारळ भलत्यानंच फोडला. फोडू दे.

२. तहकूब सभा चुकवू नका

ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होतं, पोरांना जिलेबी मिळते, माणसं पांगतात आणि सभा तहकूब. इथंच खरी गंमत आहे, कारण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नाही. विषय तेच राहतात, माणसं दहा-पंधरा, आणि वर्षाचे मोठे निर्णय त्या दहा-पंधरांत होऊन जातात. ज्यांना हे ठाऊक असतं ते पहिल्या सभेला फिरकतही नाहीत.

मी आमच्या बचत गटातल्या बायकांना एवढंच सांगितलं, की पहिलीला नाही जमलं तरी चालेल, पण दुसरी सोडू नका. दहांच्या सभेत आम्ही आठ जणी जाऊन बसलो की हिशेबच बदलतो.

३. मार्चमध्ये मागू नका, ऑक्टोबरमध्ये मागा

२०१५ मध्ये चौदाव्या वित्त आयोगापासून केंद्राचा पैसा थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला आणि राज्यानं 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा आणला. पंधराव्या आयोगात महाराष्ट्रानं ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला आणि १० जिल्हा परिषदेला अशी वाटणी केली. त्यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात ठरतो. जे काम आराखड्यात नाही त्यासाठी मार्चमध्ये कितीही भांडा, उपयोग नाही.

एका वर्षी गावातल्या पुरुषमंडळींना स्वागत कमान हवी होती, दोन्ही बाजूंना हत्ती असलेली. बायकांना शाळेमागचं गटार बंदिस्त करून हवं होतं. वाद वाढला तेव्हा मी बांधील निधीचं कलम वाचून दाखवलं, की स्वच्छतेच्या पैशातून हत्ती बसत नाहीत. गटार झालं. कमान पुढे वर्गणीतून झाली आणि खरं सांगायचं तर दिसतेही छान.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातही १० टक्के महिला-बालकल्याणाला, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. मागणारा कुणी नसेल तर हे पैसे वर्षाअखेरीला घाईनं कशावर तरी उडतात.

४. रजिस्टर घरी येता कामा नये

ग्रामपंचायतीत बायकांना १९९३ नंतर एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. कायद्यानं नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. व्यवहारात काय होतं? शिपाई रजिस्टर घेऊन दारात उभा राहतो, "मामी, एवढी सही." मी त्याला चहा द्यायचे आणि रजिस्टर पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे. एक चहा संपायचा, दुसरा व्हायचा, वाचन काही संपायचं नाही. मग तो घरी यायचा थांबला आणि सभेची नोटीस वेळेवर यायला लागली.

महिला सभेची वेळ सकाळी अकराची असायची. अकराला आमच्याकडची बाई खुरपायला नाहीतर ऊस लागणीला रानात असते. सभा संध्याकाळी सातला मारुतीच्या देवळात घ्यायचा ठराव केला आणि देऊळ भरायला लागलं.

५. इस्टिमेट मागा, मग टेप लावा

सिमेंटच्या रस्त्याची जाडी इस्टिमेटमध्ये लिहिलेली असते आणि झालेलं काम एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात. हे दोन कागद आणि एक टेप एवढ्यावर भागतं. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला की ३० दिवसांत उत्तर यायला हवं. त्याहून सोपी वाट बऱ्याच जणांना माहीत नाही. २०१८च्या शासन निर्णयानं स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये आणि जिल्हास्तरीय कचेऱ्यांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना नोंदी पाहता येतात. नुसतं जाऊन पाहायचं.

अर्जांचा धंदा करणारेही आमच्या भागात आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला भेटायचं, अर्ज मागे घ्यायचा. म्हणून आम्ही अर्ज एकाच्या नावानं करतो, पण आलेलं उत्तर ग्रामसभेत मोठ्यानं वाचतो. वाचल्यावर मिटवामिटवी करायला जागा उरत नाही.

६. पाण्याचं भांडण भावाशीही करावं लागतं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी मोजक्या गावांनी पिऊ नये, जास्त गावांत फिरावं, हा हेतू. शेतकऱ्यांनी तेव्हा कडाडून विरोध केला. वरच्या माणसाला वाटणी नको असते, हे तेव्हाही खरं होतं.

नमुना नंबर सातचा पाणी अर्ज वेळेत भरणं, पाणीपट्टी थकू न देणं, ही आमच्या बाजूची कर्तव्यं. टेलचा माणूस पाणीच येत नाही म्हणून अर्ज भरत नाही, आणि अर्ज नाही म्हणून कागदावर मागणीच दिसत नाही. वरच्यांना आणखी काय हवं? आमच्या चारीवर आम्ही घरोघर फिरून अर्ज भरून घेतले. रानात पाणी येवो न येवो, मागणी नोंदवायची. पुढल्या आवर्तनाला भांडताना हातात आकडा होता.

२००५ मध्ये महाराष्ट्रानं सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. त्यात पाणी मोजून थेट पाणी वापर संस्थेला द्यायचं, आणि संस्थेच्या संचालकांत हेड, मध्य आणि टेल यांना सारखं प्रतिनिधित्व. माझ्या मते हा आपल्याकडचा फार शहाणा कायदा. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाखाली ओझरच्या शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून, म्हणजे कायद्याच्याही आधी, असा कारभार करून दाखवला. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं बैठका घेतल्या. आमच्याकडे संस्था झाल्या, पण पुष्कळशा कागदावरच राहिल्या. कारण उघड आहे. जो पाणी मोजू देतो त्याला स्वतःचंही मोजून घ्यावं लागतं.

माझ्या सख्ख्या भावाचा कालव्यात सायफनचा पाइप होता. भाऊबीजेला ओवाळताना मी ताटात साडी नको म्हटलं, पाइप काढ म्हटलं. तो हसला. वहिनी नाही हसली. पाइप एक हंगाम निघाला, नंतर पुन्हा बसला. नात्यानं पाण्याची वाटणी होत नाही. त्याला मीटर लागतो आणि मीटरशेजारी टेलचा माणूस उभा असावा लागतो.

२०२१च्या एप्रिलमध्ये उजनी धरणातून इंदापूरला ५ टीएमसी देण्याचा आदेश निघाला, सोलापुरात आंदोलन पेटलं आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला. आम्ही इकडे फटाके वाजवले होते. दोन जिल्ह्यांतल्या पाणी वापर संस्थांना एका टेबलाशी बसवलं असतं तर निदान कुणाचं किती मोजलं जातं एवढं तरी कळलं असतं. निर्णय वर झाला आणि वरच मोडला.

७. कारखान्यातलं मत हेही मतच

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. या साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांत मी जेवढी खरी लोकशाही पाहिली तेवढी विधानसभेच्या प्रचारात पाहिली नाही. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. २०१५ मध्ये माळेगावच्या सभासदांनी उसाच्या दराच्या रागातून विरोधातल्या तावरे गटाच्या हाती कारखाना दिला, २०२० मध्ये परत नेत्याच्या गटाकडे फिरवला. बारामतीत नेत्याला कुणी हरवू शकत नाही असं बाहेरचे म्हणतात. उसाच्या दराचा विषय निघाला की काय होतं ते त्यांनी बघावं.

पण या सभांत बाई दिसत नाही. नवरा गेल्यावर शेअरला वारस नोंद होते ती मुलाची. आम्ही गावातल्या विधवांची यादी केली आणि एकेकीचा अर्ज भरला. काही मुलं रुसली. एका सासूबाईंनी तर मला दारातूनच परत पाठवलं. तरी आता आमच्या गावातून वार्षिक सभेला बायकांची एक जीप जाते.

८. प्रशासक आले की रस्ता लांबतो

मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ला निवडणुका चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. जिल्हा परिषद गटाचा सदस्य कसाही असो, त्याला आठवडे बाजारात गाठून विचारता येतं. प्रशासकाला बाजारात कुठं गाठणार?

त्या काळात ग्रामसभा मात्र चालू होत्या. आम्ही प्रत्येक ठरावाची एक नक्कल पंचायत समितीला, एक जिल्हा परिषदेला आवक नंबर घेऊन देत राहिलो. शाळेच्या दोन खोल्या त्यातून मिळाल्या. दवाखान्याच्या उपकेंद्राची फाइल अजून फिरते आहे. तिचा आवक नंबर माझ्या डायरीत आहे आणि पुढच्या सोमवारी तीन वाजता मी ती बघायला जाणार आहे.